पडेल चेहऱ्याचा हरकारा

पहिल्याच सरावाला सहदेवच्या बरगडीत कळ आली आणि तो मूर्तिजापूरच्या वेशीबाहेर मटकन बसला. त्याला शिकवायला ठेवलेला म्हातारा हरकारा नत्थुजी शेजारी उकिडवा बसला.

"पळताना काय इचार करत होता?"

"जमुनाचा. नोकरी पक्की झाली का तिले नांदाले धाडतो म्हणते माही सासू."

"मंग कळ येईलच. आशेनं दम लागते. पाय नाई थकत लेका, मन थकते. पळताना समजाचं, सारं बुडालं. नोकरी गेली, बायको गेली. मंग मन कसं निवांत होते."

अमेरिकेत लढाई पेटून तिकडचा कापूस बंद झाल्यापासून विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या होत्या. अकोल्याला आलेला मुंबईचा भाव सर्वांआधी आपल्याला कळावा म्हणून अमरावतीचे व्यापारी खुशालराव यांनी टप्प्याटप्प्याने पळत निरोप नेणारे स्वतःचे हरकारे ठेवले होते. शेवटचा टप्पा सहदेवचा. निरोप तोंडी, आणि फक्त खुशालरावांच्या कानात. दुसऱ्याशी अवाक्षर बोलला तर नोकरी गेली.

बिचारा मन लावून शिकला. इतका, की पळायला लागला की डोळे आपोआप भरून येत.

एक दिवस निरोप आला, "भाव चढला." गडी हरखला. पण बडनेऱ्याजवळ बरगडी कुरकुरली, तशी त्याने मनातल्या मनात नोकरी घालवली, जमुनाला दुसऱ्या घरी नांदायला पाठवली आणि स्वतःची तिरडीही बांधली. दम लगेच जागेवर आला.

तो अमरावतीच्या बाजारात शिरला तेव्हा खुशालराव जेवायला गेले होते.

"काय खबर रे?" लोकांनी घेरले.

सांगता येत नाही, म्हणून सहदेवने मान हलवली आणि डोके गुडघ्यांत घातले. बाजाराला तेवढे पुरले: भाव पडला. एकाने घाबरून कापसाची गाडी मिळेल त्या भावाला विकायला काढली, ते पाहून दुसऱ्याने. खुशालराव आले, निरोप ऐकला, बाजाराकडे पाहिले आणि मोठा उसासा टाकून, उपकार केल्यासारखे, गाड्यांमागून गाड्या विकत घेऊ लागले.

तेवढ्यात तिवशाहून सासू मनकर्णाबाई कापसाची गाडी घेऊन आली.

"जवाईबापू, मले तरी सांगा. इकू का ठेवू?"

बोलावे तर नोकरी जाते, नोकरी गेली की जमुना जाते. सहदेवच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

"समजलं," म्हणत तिने कापूस खुशालरावांना देऊन टाकला. परत येऊन जावयाच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नका. नोकरी ऱ्हावो का जावो, उद्या जमुनाले घेऊन जा."

सहदेवला हुंदकाच फुटला.

शेवटची गाडी गोदामात गेली आणि खुशालरावांना राहवेना. त्यांनी भर बाजारात सहदेवला मिठी मारली. "शाब्बास! भाव चढला अन् तू असं तोंड केलं! नोकरी पक्की!"

मनकर्णाबाईने जावयाला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"मामी, मी मुद्दाम नाई केलं. पळताना मन निवांत लागते..."

"मंग ऱ्हा निवांत. जमुना माह्याच घरी ऱ्हाईल." ती रिकाम्या गाडीत बसली. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

सहदेव मटकन खाली बसला. सारे बुडाले, असे आता समजायची गरज उरली नव्हती.

खुशालरावांनी वाकून त्याचा चेहरा कौतुकाने न्याहाळला. "वा! पुढच्या खेपेलेबी हेच तोंड घेऊन ये."