ढोके साहेबांच्या टाचा

आमचे शेजारी ढोके साहेब न्हाव्याकडे जाण्याआधी घरी दाढी करून जातात.

लखनौच्या इंदिरा नगरात मी अकरा वर्षं त्यांच्यासमोर राहतो, तेव्हा हे मी ठामपणे सांगू शकतो. कामवाली यायच्या आधी ते घर झाडून घेतात. गाडी धुवायला देण्याआधी धुऊन देतात. एकदा मी विचारलं, "मग तो बिचारा न्हावी करतो तरी काय?"

"गप्पा मारते ना!" साहेब म्हणाले. "साइट रेडी पाहिजे, बाबू. समोरच्याला घाण दाखवायची नाही."

साहेब मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेत रूळ सांभाळणारे इंजिनिअर. वरचा अधिकारी तपासणीला येणार म्हटलं की आठवडाभर आधी सगळं घासूनपुसून, चुना लावून तयार ठेवायचं, ही तिथली रीत. नोकरी संपली, रीत काही सुटली नाही.

अशा माणसाला बंगळूरच्या मुलीनं, स्नेहलनं, पासष्टाव्या वाढदिवसाला स्पाचं कूपन पाठवलं. अख्ख्या दिवसाचं. साहेबांनी तीनदा नकार दिला. चौथ्यांदा तिचा आवाज फोनमधून माझ्या बैठकीपर्यंत आला. "पापा, ज़िंदगी में एक बार तो किसी को अपने लिए कुछ करने दीजिए! नहीं गए तो मैं दिवाली पर नहीं आऊँगी."

साहेबांचा चेहरा पडला. पोरगी वर्षातून एकदाच येते. जाणं भाग होतं, आणि पुढचे बारा दिवस माझा छळ झाला.

सर्वात आधी टाचा. सकाळ झाली की साहेब अंगणात स्टुलावर, पाय गरम पाण्याच्या बादलीत, हातात वजरी. पाचव्या दिवशी वजरीनं राम म्हटला. मग विटेचा तुकडा आला. त्या घासण्याच्या आवाजानं माझ्या दाताला कळ लागायची.

"अहो साहेब, हेच काम तिथे करतात!"

"म्हणून तर करून राहिलो!"

मग बनियन. घरच्या सगळ्या बनियनी नापास झाल्या आणि मला अमीनाबादच्या बाजारात नेण्यात आलं. भर गर्दीत साहेब दुकानदाराला म्हणाले, "ऐसी दिखाइए जो पराए आदमी के सामने पहन सकें." तो अस्सल लखनवी. अदबीनं म्हणाला, "हुज़ूर, हमारे यहाँ की हर बनियान शरीफ़ है." साहेबांनी सहा घेतल्या.

त्यानंतर सराव. स्पात तासभर पडून राहावं लागतं हे कळल्यावर साहेब माझ्या दिवाणावर पालथे पडले आणि मला घड्याळ घेऊन बसवलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी सतरंजीचं टोक सरळ केलं. तिसऱ्या मिनिटाला उठून माझ्या स्वयंपाकघरातला गळका नळ आवळला. चौथ्या मिनिटाला म्हणाले, "जमत नाही, बाप्पा. काम न करता माणूस पडून राहते कसा?" मग मालिशची तालीम म्हणून मी त्यांची पाठ रगडली. दारातून बायको बघत होती. तिच्या पाठीचं नाव मी लग्नापासून काढलेलं नाही, याची तिनं संध्याकाळी आठवण करून दिली.

ठरल्या दिवशी मीही सोबत गेलो. साहेब अर्धा तास आधी पोचले आणि दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून मोकळे झाले. पाठीची तपासणी झाली. घरी इतकं घासलं होतं की कातडी लालबुंद, तेव्हा मालिश रद्द. राहिले फक्त पाय.

पायांचं काम बघणाऱ्या मालतीजी पन्नाशीच्या होत्या. पितळी घंगाळात गरम पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या. त्यांनी साहेबांच्या टाचा पाहिल्या आणि हसल्या. "बाबूजी, आप तो सब करके आए हैं. मेरे लिए क्या छोड़ा?" असं म्हणून पाय हातात घ्यायला त्या जमिनीवर बसल्या.

साहेब ताडकन उभे राहिले. "नहीं, नहीं! नीचे मत बैठिए!" आणि अनवाणी, स्पानं दिलेल्या पांढऱ्या झग्यात, थेट दाराकडे निघाले.

मी आडवा आलो. "साहेब, स्नेहल येणार नाही हां."

साहेब थांबले. परत येऊन खुर्चीत बसले, आणि खाली बघत मला म्हणाले, "माझी माय स्टेशनावरची वेटिंग रूम झाडे, बाबू. शाळा सुटली की मी तिथंच बसून राहायचो. लोक चिखलाचे पाय घेऊन यायचे आणि माय खाली बसून पुसायची. पुसलं की पुन्हा कोणी यायचं. दारात पाय पुसून यायला काय लागते? मी तेव्हाच ठरवलं."

मला एकदम त्या न्हाव्याची, कामवालीची आठवण झाली. अकरा वर्षं मी या माणसाला हसत होतो. मला माझी लाज वाटली.

मालतीजींना मराठी कळलं नव्हतं, पण बाकी सगळं कळलं असावं. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. "लीजिए, ऊपर बैठ गई. बाबूजी, यह काम मैंने सीखा है, अच्छा करती हूँ. करने तो दीजिए."

साहेबांनी हळूच एक पाय पुढे केला. मग दुसरा.

चार मिनिटं पडून न राहणारा माणूस पाऊण तास गप्प बसला. मी फोटो काढून स्नेहलला पाठवला. लगेच उत्तर आलं, दिवाळीचं तिकीट काढते.

"माय असती तर तिलाच आणलं असतं," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "तिच्या टाचांना या बाईंना दोन दिवस लागले असते."

आम्ही दोघंही हसलो. साहेबांनी पाय पुसायला ठेवलेल्या टॉवेलच्या टोकानं डोळे पुसले.

निघताना फरशीवर पाणी सांडलेलं दिसलं आणि साहेब सवयीनं फडक्याकडे वाकले. "बाबूजी!" मालतीजी एवढंच म्हणाल्या. साहेबांनी फडकं होतं तिथं ठेवलं, त्यांना हात जोडले आणि बाहेर पडले. फरशीवर त्यांची ओली पावलं तशीच राहिली.