हमीदाबीची शेगडी

भपकन जाळ उठला तो छतापर्यंत गेला. माझी डावी भुवई गेली, पदराचा काठ आखडला, आणि हमीदाबीच्या दोन्ही पापण्या जळाल्या. मी आधी सिलेंडर बंद केला, मग तिला दंडाला धरून ओट्यापासून ओढलं. तर ही बाई पहिलं काय बोलली? "शेगडीला काय झालं न्हाई ना?"

त्याला दोन महिने झाले. भुवई उगवली. राग अजून गेलेला नाही.

हमीदाबी माझी शेजारीण. पारनेरात आमच्या दोन घरांना मिळून एक भिंत आहे. तिचा नवरा युसूफभाई भांड्यांना कल्हई करायचा. आमच्या आळीत गॅस नवा आला तेव्हा त्याने ही शेगडी आणली. खाली बिडाचा सांगाडा, वर पितळेचे दोन बर्नर. एकट्या माणसाला उचलत नाही. युसूफभाई गेला, शेगडी राहिली.

तिची जेवढी चाकरी होते तेवढी माझ्या सासूचीही झाली नसेल, आणि माझी सासू कडक होती. दर शुक्रवारी बर्नर चिंचेच्या पाण्यात भिजतात. मग ते राखेने घासायचे, उन्हात ठेवायचे, आणि रॉकेलच्या जुन्या स्टोव्हची पिन घालून बारीक भोकांतला मळ काढायचा. एकदा पिन सापडेना म्हणून मी सुई पुढे केली.

"सुईनं भोक मोठं हुतं. जाळ पिवळा पडतो. चौथी शिकलीस ना तू?"

चौथीत शेगडी नव्हती, असं मी सांगितलं.

डाव्या बर्नरचं बटण कधीच तुटलंय. ते ती पकडीने फिरवते. पक्कड खिळ्याला टांगलेली असते आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

तिचा मुलगा सलीम चाकणला कामाला आहे. गेल्या ईदला त्याने काचेची नवी शेगडी आणून दिली. हमीदाबी म्हणाली, "काच तोंड बघायला. रांधायला लोखंड." आणि बोलल्याप्रमाणे केलं. ती शेगडी भिंतीला उभी करून ठेवलीय, आणि रोज तिच्यात बघून केस विंचरते. सलीम फोनवर ओरडतो, "अम्मी, ती जुनी भंगारात दे, न्हाईतर मी येऊन तुलाच इकडं आणतो." पोरगा बोलल्यासारखा करणारा आहे. ती फोन ठेवते आणि शेगडी पुसते.

हे सगळं मी सोसलं. सोसवत नव्हतं ते सकाळचं. रोज सकाळी ती सिलेंडर चालू करायची आणि भिंतीवर लाटणं आपटायची. मी हातातलं टाकून जायचं. ती काडेपेटी घेऊन उभी.

"अनसूया, घरात कसला वास येतोय का?"

"न्हाई."

"नीट घे की. ओट्यापाशी ये."

"न्हाई येत, बाई."

मग ती काडी ओढायची. चार-पाच वर्षं मला वाटत होतं, घरात उंदीर मरून पडलाय असा हिला संशय आहे. बरं, एवढ्यावर सुटका नाही. चहा उकळला की पुन्हा, "आता कसा वास येतोय?"

"आल्याचा."

"निस्ता आल्याचा? वेलची घातलीय मी."

"वेलचीचा बी येतोय."

कौतुकाला इतकी हपापलेली बाई मी दुसरी पाहिली नाही, असं मी माझ्या सुनेला कितीदा तरी सांगितलं.

त्या दिवशी मला सर्दी होती. नाक दोन्ही बाजूंनी बंद, गुडघे धरलेले. लाटणं वाजलं, मी उठले नाही. पुन्हा वाजलं. बऱ्याच वेळाने चरफडत गेले, आणि तिने विचारायच्या आधीच दारातून म्हणाले, "न्हाई येत वास. पेटव एकदाची."

मी ओट्यापाशी पोचले, आणि तिने काडी ओढली.

नंतर आम्ही दोघी तिच्या पायरीवर बसलो. मी जास्तच मोठ्याने बोलत होते.

"एवढा गॅस साठला, तुला वास आला न्हाई?"

"तुला कुठं आला?"

"मला सर्दी हाय."

"मग तसं बोलायचं ना."

"अगं, तू ओट्याशी उभी हुतीस. तुझं नाक कुठं गेल्तं?"

तिने पदराने पापण्या चाचपल्या. मग म्हणाली, "कोरोनात गेलं. आलंच न्हाई परत."

आता मी खरी भडकले. "इतकी वर्षं माझ्या नाकावर जीव टांगून बसलीस, आणि नाकाला सांगितलं न्हाईस?"

"सलीमला कळलं तर शेगडी जाईल. तिच्यामागं मी बी जाईन. त्या चाकणला मला कोण वळखतं?"

"आणि चहाचं काय? तवा तर जाळ पेटलेला असायचा. तवा कशाला विचारायचीस?"

ती माझ्याकडे बघेना. "तोंडाला बी चव न्हाई गं. तू आलं म्हणालीस की मला जरा आलं लागतं."

मी तणतणत उठले.

बाजारातून मिस्त्री आणला. डाव्या बर्नरचा कॉक गळत होता. तो बदलला, नळीही नवी टाकली. सलीम आला तेव्हा त्याने विचारलं, "मावशी, अम्मीच्या पापण्या कशा गेल्या?" मी म्हणाले, "म्हातारपणानं. माझी भुवई बी गेली." त्याने मान हलवली. खोटं बोलायची मला सवय नाही, तेही त्या बाईने करायला लावलं.

आता लाटणं वाजायची मी वाट बघत नाही. सकाळी जाते, बर्नरला नाक लावते आणि मग सांगते. सर्दी असली तर सर्दी आहे असं सांगते. त्या दिवशी तिची शेगडी पेटत नाही, दोघींचं माझ्याकडे शिजतं, आणि माझ्या काचेच्या शेगडीला ती जेवण होईपर्यंत नावं ठेवते. मी घास घेते आणि सांगते, लसूण करपलाय, कोथिंबीर ताजी आहे.

जाळ उठला त्या सकाळी त्या घरात दोघीच होतो, हमीदाबी आणि मी. दोघीही अजून आहोत.