हकिकत बर्फगड फोडून टॉमचुक उभयतां स्वगृहीं डेरेदाखल झाले त्याची

कॉफीमेजाचे मानकरी, उणे चाळीस अंशांचे थंडींतही टोपी न घालणारी, पेल्टन गावची समस्त निवृत्त वडील मंडळी यांचे सेवेसी, टॉमचुकांचे समोरील घरचा बखरनवीस याचा दंडवत. आपण को-ऑपच्या दुकानीं सकाळचे कॉफीस बसलां असतां आज्ञा केली कीं, ऑर्विल टॉमचुक हे वसंतीं अॅरिझोनाहून परतले ते समयीं गल्लींत जो गहजब झाला, तो तूं आपले ओट्यावरून साद्यंत पाहिलास. त्यांचा शेजारी मर्व्हिन सांगतो तें निराळें, आणि ऑर्विल सांगतो तें त्याहून निराळें, तरी खरेंखोटें निवडून वर्तमान लिहावें. ऐसियास आज्ञा शिरीं धरून लिहितों. डोळां देखिलें तेंच लिहिलें. पदरचें घातलें तें मिठाइतकेंच.

आधीं खाशांची ओळख. राजमान्य राजश्री ऑर्विलराव टॉमचुक हे पूर्वीं आमचे गावचे धान्यकोठाराचे कारभारी. उभा जन्म लोकांचा गहू तोलला, आणि मग निवृत्त होऊन त्यांनीं एक चाकांचें घर घेतलें. चाकांचें घर म्हणजे आंत पलंग, शेगडी, न्हाणी आणि दोन खुर्च्यांचा दिवाणखाना. पुढें पिकअप जुंपावा आणि घरानें मागून निमूट यावें. ऐसें तें लांबलचक धूड घेऊन, शरदांत रानहंस दक्षिणेस उठले कीं ऑर्विलराव आणि त्यांचे कुटुंब लव्हर्नबाई हींही उठत, आणि अॅरिझोनाचे वाळवंटीं हिवाळा काढून वसंतीं हंसांचे मागोमाग परत येत. अशांस आमचे मुलखीं हिमपक्षी म्हणतात. म्हणतांना दांत थोडे आवळलेले असतात, कारण जो मागें राहतो त्याचे हातचें फावडें सुटत नाहीं.

हिमपक्ष्याचें घर मागें कोणीतरी राखावें लागतें. तो मान शेजारी मर्व्हिन लुंडक्विस्ट यांजकडे होता. त्यांणीं अधूनमधून आंत जाऊन घरास ऊब देणारी भट्टी चालते कीं नाहीं पाहावें, आणि अंगणवाटेवरील बर्फ काढीत जावें, जेणेंकरून चोरास वाटावें कीं घरांत माणूस नांदतो. मर्व्हिन हे इमानी गृहस्थ. वाट त्यांणीं ऐसी राखली कीं अनवाणी चालावें. परंतु काढलेला बर्फ कोठें टाकला हें कोणी पुसलें नाहीं, आणि पुढील सारें रामायण तेथेंच शिजलें.

ऑर्विलरावांची स्वारी वाळवंटाहून कूच करून मजल दरमजल मोंटाना प्रांतीं आली, तेथें इंधन भरून निघतां चाकांचे घराचा मागील कोपरा एका खांबास घासला. जखम बशीएवढी, परंतु लव्हर्नबाईंनीं सहज बोलतां बोलतां तें वर्तमान फोनवरून कन्येस कळविलें. कन्या डार्लीन ही सास्काटून शहरीं इस्पितळांत परिचारिकांची मुख्य. तिचे आवाजानें पडलेले रोगी उठून बसतात. तिणें तत्काळ फर्मान काढलें कीं, बाबांची मान उजवीकडे वळत नाहीं हें मी नाताळांत तिकडे भेटीस गेलें तेव्हांच पाहिलें. तरी शनिवारीं मी समक्ष येतें, बाबांनीं चाकांचें घर कशासही न घासतां आपले जागीं मागें घेऊन लावून दाखवावें. लागलें तर उत्तम, न लागलें तर तें विक्रीस काढावें आणि पुढील हिवाळा पेल्टनांतच काढावा. ऑर्विलरावांनीं ताठ्यानें अट कबूल केली. परंतु मान खरेंच वळत नव्हती. लव्हर्नबाई साऱ्या हिवाळ्यांत "हे आपलं शेवटचं, ऑर्विल, मला माझा पलंग हवाय," ऐसें म्हणत आल्या होत्या, म्हणून सर्वांनीं त्या कन्येच्या पक्षास मिळाल्या ऐसें धरलें.

शनिवारीं दिवस वर आला आणि स्वारी गल्लींत शिरली. शिरली आणि थबकली. गॅरेजचे बगलेस जेथें चाकांचें घर उभें राहावयाचें, तेथें एक गड उभा होता. हिवाळाभर मर्व्हिननीं दोन्ही अंगणांचा बर्फ तेथेंच लोटला होता, त्यावर वितळणें आणि गोठणें होऊन त्याचा काळाकभिन्न कातळ झाला होता, आणि माथ्यावर कोणाचेंसें नाताळचें झाड निशाणाप्रमाणें रोवलेलें होतें. ऑर्विलराव खालीं उतरले, गडास एक प्रदक्षिणा घातली, आणि शेजारचे दार ठोठावलें.

"मर्व्हिन, हे काय रे करून ठेवलंस?"

"का? वाट मोकळी आहे की!"

"वाट मोकळी आहे. पण माझी जागा?"

"अरे, रिकामी दिसली, टाकत गेलो. तू नव्हतास ना तिथे."

"मी परत येणार होतो, मर्व्हिन! दर वर्षी येतो!"

"येतोस खरा," मर्व्हिन खालमानेनें बोलले, "पण जानेवारीत ते खरं वाटत नाही रे." आणि मग आमचे लोकांची रीत म्हणून दोघांनींही एकमेकांची माफी मागितली, आणि ज्याची चूक नव्हती त्यानें अंमळ अधिकच मागितली.

मग मोर्चे लागले. प्रथम मर्व्हिननीं आपलें बर्फ उडविण्याचें यंत्र गडावर घातलें, तें दोन घास घेऊन घुसमटलें आणि माघारें फिरलें. मग फावडीं, पहारी आणि एक कुऱ्हाड ऐसा सरंजाम घेऊन गल्ली कुमकेस आली. ऑर्विलरावांनीं दक्षिणेहून गोण्या भरभरून पपनसासारखे ग्रेपफ्रूट आणिले होते, तो नजराणा लढवय्यांस वाटला. आमचे हवेंत तें फळ हातीं येतांच माणसाचा राग निम्मा होतो. बाजारबुणगे म्हणावे तर आम्ही कांहीं जण घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन सल्ला देण्याचे कामीं बसलों होतों, आणि तें कामही हलकें नव्हे. ऐन निकरांत गडाचे पोटांतून एक लाल दांड्याचें फावडें निघालें. तें मर्व्हिनचें होतें, आणि ऑर्विलनें तें अॅरिझोनास नेलें ऐसा बोभाटा मर्व्हिननीं कॉफीमेजावर साऱ्या हिवाळ्यांत केला होता, हें मानकऱ्यांस ठाऊक आहेच.

"वाळवंटात मी फावड्याचं काय केलं असतं रे?" ऑर्विलरावांनीं पुसलें.

"तेच माझी बायको म्हणत होती," मर्व्हिन बोलले, आणि दुप्पट जोरानें खणूं लागले.

इतक्यांत डार्लीन आली. शहरचे बूट चिखलांत रुतवून, हाताची घडी घालून, ती वाटेचे तोंडाशीं उभी राहिली. गड जमीनदोस्त झाला, जागा मोकळी झाली, आणि आतां खरी कसोटी ऑर्विलरावांची होती.

चाकांचें घर मागें घेणें हें पुढें जाण्यासारखें नव्हे. घरानें डावीकडे जावें ऐसें वाटलें तर हातचें चाक उजवीकडे फिरवावें लागतें; जो विचार करील तो बुडेल. लव्हर्नबाई रिवाजाप्रमाणें मागें खुणा करण्यास उभ्या राहिल्या. ऑर्विलरावांनीं पहिली चाल केली, तों घर मर्व्हिनचे टपालपेटीवर चालून गेलें. दुसरी चाल केली, तों डावीकडील सूचीपर्णी झाडावर. दहा जणांनीं दहा दिशांस हात केले. कोणी म्हणे उजवें, कोणी म्हणे थांब, कोणी म्हणे मी बसूं का. ऑर्विलरावांनीं मान वळवूं पाहिली, ती वळेना. घाम पुसला, आणि तिसरे खेपेस गाडी चालू केली ती चालूच राहिली, पुढें ना मागें. ज्यानें गावाचा गहू एक दाणाही न सांडतां तोलला त्यास चाकापाशीं ऐसा अडकलेला पाहणें हें आम्हांस जड गेलें, आणि आम्ही आपापल्या पेल्यांत पाहूं लागलों.

डार्लीन जवळ गेली. तिचा इस्पितळी आवाज कोठें गेला होता कोण जाणे. "बाबा, पुरे आता. उतरा."

ऑर्विलराव उतरले. तों लव्हर्नबाई मागून चालत आल्या, हातमोजे काढून त्यांचे हातीं दिले, आणि बोलल्या, "सरक. मी घेते."

"तू?" डार्लीन म्हणाली. "आई, तू कधी चालवलीस?"

"माझ्या बापाच्या शेतावर कापणीला गव्हाचा ट्रक मागे कोण लावायचं? तुझा मामा? त्याने कोठाराची भिंत पाडली होती."

हें बोलून त्या चढल्या, आसन पुढें ओढलें, डावा हात चाकाचे तळाशीं ठेवला, आरशांत एकवार पाहिलें. ऑर्विलराव मागें धांवले आणि खुणा करूं लागले. त्या खुणा ऐशा होत्या कीं त्यांप्रमाणें जावें तर गाडी मर्व्हिनचे स्वयंपाकघरांत निघावी. लव्हर्नबाईंनीं तिकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. घर हळूहळू वळलें, झाडाची फांदी आणि टपालपेटी यांस रामराम करून दोहोंचे मधून गेलें, आणि एकाच दमांत गॅरेजचे बगलेस सरळ उभें राहिलें. थर्मास खालीं पडले. टाळ्या झाल्या. मर्व्हिननीं लाल फावडें वर उंचावलें.

परंतु कन्या कायद्याची पक्की. "अट बाबांची होती, आई. आणि शेवटचं म्हणून तूच कटकट करत होतीस ना?"

"ते मी दर वर्षी म्हणते. लग्नाच्या वाढदिवसालाही म्हणते." मग लव्हर्नबाईंनीं आवाज खालीं घेतला, तरी गल्ली अरुंद असल्यामुळें आम्हांस ऐकूं आला. "डार्लीन, घरात आलो की तुझा बाप त्या खुर्चीत बसतो, टीव्ही लावतो, आणि आमचं बोलणं संपतं. जेवायला काय, आणि किल्ली कुठाय. बस. गाडीत तो बोलतो गं. वायोमिंगपासून इथपर्यंत बोलत होता. त्याची आजी जहाजातून आली ते, कोठाराला आग लागली त्या दिवशी तो किती घाबरला होता ते. इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी सांगितलं नव्हतं. ही गाडी विकलीस तर मी कोणाशी बोलू?"

"मग इतकी वर्षं त्यांनाच का मागे घेऊ दिलीस?"

"त्याला आवडतं म्हणून."

ऑर्विलराव हातमोजे धरून तेथेंच उभे होते. त्यांणीं तें ऐकलें.

मग तह झाला, तो ऐसा कीं, पुढें हाकणें ऑर्विलरावांकडे, मागें घेणें लव्हर्नबाईंकडे. मर्व्हिननीं येत्या हिवाळ्यांत गॅरेजचे बगलेस एक फावडेंही बर्फ टाकूं नये. डार्लीननें मान दाखविण्यास वैद्याची वेळ ठरवावी आणि विक्रीचें नांव काढूं नये. सर्वांनीं मान्य करून एकमेकांची पुन्हां माफी मागितली, आणि गल्ली पांगली.

दिवस मावळतीस आला तों उभयतां घरांत गेलीं. त्यांचा पडदा उघडा होता आणि मी ओट्यावरच होतों. घर हिवाळाभर जेमतेम ऊब देऊन ठेवलेलें, नळ बंद, खुर्च्यांवर चादरी. ऑर्विलरावांनीं आपल्या खुर्चीवरची चादर काढली, बसले, आणि सवयीनें हात रिमोटवर गेला. लव्हर्नबाई दारांत कोट न काढतां उभ्या होत्या. टीव्हीचा निळा उजेड भिंतीवर पडला. ऑर्विलरावांनीं वळून पाहिलें. मान वळेना म्हणून सबंध देहानेंच वळून पाहिलें. मग टीव्ही विझला. ते उठले आणि लव्हर्नबाईंस घेऊन बाहेर आले, आणि वाटेवरून त्यांचा शब्द मजपर्यंत आला: "इथे फार गारठा आहे. गाडीत चहा करू या का?"

"तुला माझा पलंग दिसला नाही वाटतं," त्या म्हणाल्या, पण पावलें गाडीकडेच पडत होतीं.

सारांश, चैत्रमासीं, वितळणीचे मोसमांत, बर्फगड जमीनदोस्त झाला, चाकांचें घर न घासतां आपले जागीं लागलें, आणि टॉमचुकांची पूर्ण फत्ते झाली. विशेष नोंद ही कीं, इतक्या दूरवरून स्वगृहीं येऊन विजयाचे पहिले रात्रीचा मुक्काम उभयतांनीं स्वगृहाचे दारांत, चाकांवरच केला. मानकऱ्यांस कळावें म्हणून लिहिलें. मी हें लिहीत आहें तों समोर चाकांचे घराचे लहानशा खिडकींत आजही दिवा आहे, लव्हर्नबाई हनुवटीस हात लावून बसल्या आहेत, आणि ऑर्विलराव हातवारे करून कांहींतरी सांगत आहेत.