रंगाऱ्याचा उजवा खांदा

"अहो, बसा ना जरा!" बायकोनं सातव्यांदा सांगितलं. रंगारी सातव्यांदा बसला आणि लगेच उठला.

दहा वाजता त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन होतं. अकरा वर्षं हा खांदा निखळत होता. आधी शिडीवरून पडल्यावर, मग छताला रोलर मारताना, हल्ली तर नुसता आळस दिला तरी. दर वेळी हाड थोडं थोडं झिजलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वाटीचा काठच उरला नाही, गोळा टिकणार कुठं? सांधाच नवा बसवू." त्यानंतर रंगाऱ्यानं तीन तारखा चुकवल्या. एकदा सर्दी, एकदा साडूचं घर रंगवायचं होतं, एकदा काहीच कारण नव्हतं. आता ब्रशही धरवेना, तेव्हा निमूट आला होता.

येरझाऱ्या घालता घालता तो कॉरिडॉरच्या टोकाला पोचला. तिथं दुसराच एक रंगारी शिडीवर चढून दाराच्या चौकटीला ऑइलपेंट देत होता.

"दादा, ओघळ येतायत."

"तुम्ही पेशंट ना?"

"ते दहानंतर. ब्रश निथळून घ्या आधी. हे बघा, इथं..."

तो शिडीखाली गेला, शिडीवरचा रंगारी बघायला वाकला आणि डबा कलंडला. निळा रंग नेमका त्याच्या उजव्या खांद्यावर आला. सकाळीच सिस्टरनं तो औषधी साबणानं धुऊन बजावलं होतं, "आता याला बोटसुद्धा लावू नका."

"थांबा, टर्पेंटाइन आहे!" वरचा घाईनं उतरला. दोघांनी मिळून फडक्यानं खांदा असा घासला, की रंग पार गेला आणि खांदा लालबुंद झाला.

सिस्टरनं नाक मुरडलं. "काका, वास कसला येतोय?"

"औषधाचा असेल."

डॉक्टरांनी खांदा पाहिला आणि हातमोजे काढले. "या कातडीवर चिरा द्यायचा नाही. जंतू आत गेले तर नवा सांधा काढावा लागेल. पुढच्या बुधवारी."

रंगाऱ्याला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण बायको तोंड फिरवून, घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत होती. त्याला गलबलून आलं.

"नाही डॉक्टर, आजच! गेलो तर परत यायचो नाही, मी मला ओळखतो!" असं म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले.

डावा खाली आला. उजवा वरच राहिला.

एकच धावपळ झाली. तो उपाशी होताच. लगेच भूल दिली गेली.

डोळे उघडले तेव्हा हात छातीशी बांधलेला होता. "झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," सिस्टर जाता जाता म्हणाली.

"एवढंच? यासाठी अकरा वर्षं घाबरलो?"

त्याला एकदम हुशारी आली. समोरच्या गुडघेवाल्याला त्यानं धीर दिला, शेजारच्या अपेंडिक्सवाल्याला हिमतीचे चार शब्द सुनावले. डाव्या हातानं साडूला फोन लावला. "डोळे मिटले, उघडले, नवा सांधा हजर!" सगळा वॉर्ड कौतुकानं ऐकत होता.

डॉक्टरांना भेटून आलेली बायको दारातच थबकली. मग जवळ येऊन कानाशी म्हणाली, "अहो, नुसता निखळलेला खांदा बसवलाय. ऑपरेशन बुधवारीच आहे."

रंगाऱ्यानं हळूच वॉर्डवरून नजर फिरवली. गुडघेवाला अजून त्याच्याकडे आदरानं बघत होता.

"हळू बोल," तो म्हणाला.

घरी न जाता तो वॉर्डातच राहिला आणि बुधवारी दहाला पाच कमी असताना तिथून निघाला. व्हीलचेअर त्यानं नाकारली.

"परत कसं काय?" गुडघेवाल्यानं विचारलं.

"एका हातात रंग बसत नाही. दुसरा हात मारून घेतो," रंगारी म्हणाला आणि स्वतःच्या पायांनी आत गेला.