एका साच्यातली कार्डं

दिवाळीची कार्डं यंदा घरीच करायची, असं शरच्चंद्रांनी जाहीर केलं तेव्हा चारुलताबाई अनारसे तळत होत्या.

"करा की," त्या म्हणाल्या, "फक्त माझ्या कात्रीला हात लावू नका."

शरच्चंद्रांनी कामाला सुरुवात केली ती कात्रीला हात लावूनच.

देवासला सिंचन खात्यात हेडक्लार्क म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती. मसुदा एकदा पक्का करा, मग नुसती नावं बदला, एवढंच त्या नोकरीत ते शिकले होते आणि कार्डांनाही त्यांनी तेच लावलं. जाड पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा साचा केला. मध्यभागी पणतीच्या आकाराचं भोक आणि खाली एक फट. साचा पांढऱ्या कागदावर ठेवायचा, पणती रंगवायची, फटीतून 'शरच्चंद्र' एवढंच लिहायचं, कडेकडेने कापायचं, की झालं कार्ड. लिफाफ्याची भानगड नको म्हणून पत्ता मागेच, आणि पत्त्याशेजारी उरलेल्या चिंचोळ्या जागेत सोनेरी पेनाने 'शुभ दीपावली'.

साचा कापताना कात्री वरच्या कोपऱ्याशी घसरली. दुसरा साचा कोण करत बसणार? त्यांनी तो कोपरा तिरका छाटून टाकला, लांब धरून पाहिला आणि "झकास! मॉडर्न दिसतंय," असं स्वतःलाच सांगितलं. साच्याचा कोपरा गेला, म्हणजे ओघानेच सगळ्या कार्डांचा गेला.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एकाच कार्डासाठी होता. धारला त्यांची थोरली बहीण कुसुमावती राहत असे. तिला ते जिजी म्हणत. म्हणजे पूर्वी म्हणत. आता कितीतरी वर्षांत दोघं बोललेच नव्हते. शरच्चंद्रांच्या मुलीच्या, ऋजुताच्या, लग्नात घरच्या मंडळींचा फोटो काढायचा होता. "भाईसाब, सब फ्रेम में नहीं आ रहे," असं फोटोवाला ओरडला आणि शरच्चंद्र शेजारी उभ्या असलेल्या जिजीला म्हणाले, "जिजी, तू जरा बाजूला हो." जिजीचे यजमान त्याच वर्षी गेले होते. ती मुकाट्याने बाजूला झाली आणि जेवणाला न थांबता धारला निघून गेली.

त्यांच्या मनात तसं काहीच नव्हतं. जवळ जो होता त्याला सांगितलं, इतकंच. पण ते दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी लाज वाटली, मग राग आला, आणि पुढे तर कोणत्या तोंडाने जायचं हाच प्रश्न उरला. कार्डावर 'यंदा भाऊबीजेला येऊ का?' असं लिहायचं त्यांनी योजलं होतं. पण साच्यात तेवढी जागा नव्हती आणि साचा मोडवेना. जिजीलाही सगळ्यांसारखंच कार्ड गेलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळीच फोन वाजला. सतवासचा चुलतभाऊ भालचंद्र बोलत होता, तोही दबक्या आवाजात.

"चारूवहिनी आहेत का? नसल्या तर राहू द्या. त्यांना फक्त सांगा, हिंमत ठेवा. आम्ही सगळे निघतोय."

"निघताय? या, या! फराळ तयारच आहे."

"आपण कोण बोलताय?"

"अरे, मी शरद!"

फोन कट झाला. शरच्चंद्र चक्रावले. तेवढ्यात चारुलताबाई हात पुसत बाहेर आल्या आणि टेबलावर उरलेलं एक कार्ड त्यांनी उचललं. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला.

"अहो, हे असं पाठवलंत सगळ्यांना? कोपरा कापून?"

"डिझाइन आहे ते."

"कसलं डिझाइन! कोपरा फाटलेलं कार्ड कधी येतं, विसरलात?"

आणि शरच्चंद्रांना आठवलं. पोस्टकार्डांच्या दिवसांत माळव्यात कोणी गेल्याची खबर कोपरा फाडलेल्या कार्डावरच येई. ते कार्ड कोणी घरात आणत नसे. उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घेऊन मगच आत यायचं. लहानपणी हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. पण पत्रंच बंद झाली, तसं हेही डोक्यातून गेलं. आता आपलंच कार्ड त्यांनी पुन्हा हातात घेतलं. पांढरा कागद, मधोमध एकच दिवा, खाली स्वतःचं नाव. मागे पाहायला कोण थांबणार होतं?

त्यांनी घाईघाईने मनावर गावच्या इरावतीमावशींना फोन लावला.

"मावशी, मी जिवंत आहे!"

"कोण जिवंत आहे?"

"मी, शरद!"

"असं कसं? मी डोक्यावरून आंघोळ केली ना! चकल्यांची भिजवलेली भाजणी गाईला घातली, नातवाचा आकाशकंदील उतरवून ठेवला, तो पोरगा बसलाय रडत. जिवंत होतास तर आधी सांगायचं नाही का रे?"

"चुकलो, मावशी."

"आता चुकून काय उपयोग? भाजणी गेली ती गेलीच."

जिजीचा नंबर चारुलताबाईंच्या मोबाइलमध्ये होता. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. शरच्चंद्रांनी पायात चपला सरकवल्या.

"बाकीच्यांना तू फोन कर. मी धारला जातो."

"वन्सं दारात तरी उभं करतील का?"

"नाही केलं तर नाही. मी आहे एवढं तर दिसेल तिला."

इंदूरला बस बदलून धारला पोचेस्तोवर दुपार झाली. वाटेत त्यांनी मनात एक मसुदा केला, खोडला, पुन्हा केला. जिजीच्या दाराला मात्र कुलूप होतं. ओट्यावर कार्डाचे दोन तुकडे पडले होते. समोरच्या घरातून एक भाभी डोक्यावर पदर घेत बाहेर आल्या.

"जिजी के यहाँ शोक में बैठने आए हो, भिया? बैठो, मैं पानी लाती हूँ। वो तो सुबह ही देवास निकल गई। फोन भी यहीं भूल गई। उनके भाई शांत हो गए ना।"

शरच्चंद्र ओट्यावर बसले. म्हणजे त्या इंदूरच्या गर्दीत कुठेतरी दोघांच्या बसगाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या.

"बहुत रो रही थीं," पाण्याचा पेला पुढे करत भाभी म्हणाल्या. "बोल रही थीं, फोटोवाले के कहने से उसने हटाया था, मुझे तो उसी दिन मालूम था। फिर भी मैं ही अकड़ के बैठी रही। राखी पे धागा हर साल लाती थीं, भिया। भेजती नहीं थीं।"

शरच्चंद्रांनी दोन घोट घेऊन पेला परत दिला. हे सगळं ऐकायला माणसाला मरावं लागतं, आणि मेल्यावर तर काही ऐकू येत नाही! आपण जिवंत आहोत हे या बाईला आत्ता सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण आणखी थोडा वेळ मेलेलंच राहावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"और क्या बोलीं?" त्यांनी हळूच विचारलं.

भाभी सांगणार तोच शरच्चंद्रांच्या खिशातला मोबाइल वाजला. चारुलताबाई होत्या.

"अहो, वन्सं पोचल्यात. दारातच हंबरडा फोडला हो! मी सांगतेय, ते आहेत, ते आहेत, पण पटतच नाहीये त्यांना. घ्या, तुम्हीच बोला."

"हॅलो. जिजी, मी शरद बोलतोय."

भाभींच्या हातातला पेला खाली पडला.

"कुठून बोलतोयस?" जिजीने विचारलं.

"तुझ्या ओट्यावरून."

"तिथे काय करतोयस, मेल्या?"

बसमध्ये केलेला मसुदा त्यांना आठवेना. "सांगायला आलो होतो," ते म्हणाले, "की मी आहे."

मग जिजीचा आवाज आला, रडून बसलेला.

"एवढं सांगायला इतकी वर्षं लागली होय रे तुला?"

शरच्चंद्रांचे डोळे भरून आले आणि भिंतीला टेकलेल्या भाभी ते घाबऱ्या नजरेने पाहत राहिल्या.

"निघतो मी, जिजी. मिळेल ती पहिली बस धरतो. तू जाऊ नकोस."

"कुठे जातेय मी आता," जिजी म्हणाली. "पण सावकाश ये. धावत्या बसला लटकू नकोस."