वरच्या आळीत पाण्याची टाकी मागे घेतल्याची हकीकत

श्रीविघ्नहर्ता समर्थ. ज्याचे वाहन लहान, वळणे सोपी आणि पाठीमागे काही जोडलेले नाही, त्या मूषकवाहनास प्रथम दंडवत घालून ही हकीकत आरंभिली आहे. ऐकणारांनी सावध असावे, आणि पाठीमागे उभे राहून सूचना करू नयेत.

शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, वैशाख मासी एका राज्यात (राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही) पाण्याचे मोठे संकट पडिले. त्या राज्याचा शिरस्ता ऐसा की राजमुद्रेवर 'मागे न सरणे' ही अक्षरे कोरलेली, आणि दरबारात कोणी चुकले तरी तसेच पुढे रेटावे, म्हणजे चूक राहात नाही, धोरण होते, ऐसे पूर्वजांनी घालून दिलेले. त्या राज्यात मानकोजी घोडके या नावाचे सरदार, वय वर्षे पंचावन्न, मिशा भरघोस, सरकारी ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडलेली पाण्याच्या टाकीची ट्रॉली यांचे कुलअखत्यारी होते. तीस वर्षे त्यांनी ट्रॅक्टर हाकिला आणि ऐसा हाकिला की रस्ता त्यांस पाहून बाजूस होई. दरबाराने त्यांस 'आघाडीचे सरदार' हा किताब दिला आणि मग त्यांनी तो ट्रॅक्टरच्या कपाळावर रंगवून घेतला. परंतु एक गोष्ट ते अंतरी जाणून होते आणि कोणास बोलिले नव्हते, ती ही की त्यांस ट्रॉली मागे घेता येत नव्हती. नुसता ट्रॅक्टर मागे घेत, त्यात हरकत नव्हती. पण मागे ट्रॉली जोडली की डावीकडे न्यावी तो ती उजवीकडे जाई, उजवीकडे न्यावी तो चिडून डावीकडे येई, आणि मग ट्रॅक्टर व ट्रॉली भांडायला उठलेल्या भावांसारखी एकमेकांकडे तोंड करून उभी राहात. म्हणून मानकोजीराव नेहमी वळसा घालावयास जागा असेल तेथेच जात, आणि नसेल तेथे चढाचे कारण सांगत.

वरची आळी म्हणजे ऐसीच जागा. दोहों बाजूंस भिंती, मध्ये ट्रॉली जाऊन वीतभर उरेल इतकी वाट, शेवटी हौद आणि हौदापुढे कडा. टाकीची तोटी मागल्या बुडाशी, तेव्हा हौद भरावयाचा तर टाकी मागे मागेच न्यावी लागे, दुसरा इलाज नाही. तीस वर्षे मानकोजीरावांनी "वरच्या आळीचा चढ इंजिनास मानवत नाही" ऐसे सांगितले आणि टाकी खालच्या चौकात उभी केली, आणि आळीच्या बायांनी चौकापासून डोईवर हंडे वाहिले. त्या वैशाखात जनाबाई नावाची सत्तर वर्षांची म्हातारी चढावर हंड्यासकट कोसळली, मनगट मोडले, आणि मानकोजीराव चौकात टाकीस टेकून उभे होते, त्यांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिले. म्हातारी उठताना रडली नाही. सांडलेल्या पाण्याकडे पाहात राहिली. त्या दिवशी मानकोजीरावांस भाकर गोड लागली नाही.

मग आळीचे लोक दरबारात गेले आणि अर्ज केला की टाकी हौदापर्यंत यावी, नाहीतर आम्ही घरांस कड्या घालून जातो. महाराजांनी ऐकोन घेतले आणि आज्ञा केली की पौर्णिमेस सकाळी खासा स्वारीसमोर टाकी हौदास लावावी. न लागली तर मानकोजींची चाकरी गेली. मुद्रेवर 'मागे न सरणे' असताना टाकी मागे कशी न्यावी, हा पेच पडिला, तेव्हा शास्त्रीमंडळ तीन दिवस बसले आणि निर्णय दिला की यास मागे जाणे म्हणू नये, 'पाठमोरे अग्रगमन' म्हणावे. सर्वांस समाधान वाटले. मानकोजीरावांस मात्र घाम फुटला, कारण नाव बदलून ट्रॉली काही ऐकणार नव्हती.

ऐशास मानकोजीरावांची सून गोजराबाई, माहेर ऊसपट्ट्यातले, बापाची ट्रॉली साखर कारखान्याच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस उतरवितात तेथे, शंभर गाड्यांच्या गर्दीत स्वहस्ते मागे लावीत असे, ही गोष्ट घरात सर्वांस ठाऊक आणि कोणी बोलत नसे. मानकोजीरावांनी दोन दिवस मिशीस पीळ दिला, तिसरे दिवशी ताकाचा पेला हाती घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि भिंतीकडे पाहोन बोलिले, "सूनबाई, ते तुमच्या गव्हाणीवर... कसं करत हुता?"

गोजराबाईने पदर खोचला आणि म्हणाली, "चला खळ्यावर. पर मामंजी, तिथं मी सांगीन तसं. मिशी घरी ठेवायची."

मग सात दिवस खळ्यावर युद्ध जाहले. पहिले दिवशी गवताची एक गंजी धारातीर्थी पडली. दुसरे दिवशी कोंबड्यांचे खुराडे कामास आले, कोंबड्या मुत्सद्दी म्हणून आधीच निघोन गेल्या होत्या. तिसरे दिवशी मानकोजीराव ट्रॉलीवर ओरडले, ट्रॅक्टरवर ओरडले, शेवटी बांधावरल्या बाभळीवर ओरडले. गोजराबाई शांतपणे म्हणाली, "हात वरनं काढा. स्टेअरिंग खालच्या अंगाला धरा. आता ट्रॉलीचं बूड जिकडं न्यायचं, तिकडं हात सरकवा. जरासाच. पीठ मळाय बसल्यागत घुसळू नका."

मानकोजीरावांनी हात खाली धरिला, बोटभर सरकविला, आणि तीस वर्षांत प्रथम ट्रॉलीने त्यांचे ऐकिले. त्यांस ऐसा हर्ष जाहला की ते ब्रेक दाबावयाचे विसरले आणि कुंपण पडिले.

पाचवे दिवशी मोठा धडा आला. ट्रॉली वाकडी होऊ लागली तरी मानकोजीराव मागेच रेटीत, आणि जितके रेटीत तितकी ती अधिक मुडपे. "पुढं घ्या," गोजराबाई म्हणाली. "सरळ हुस्तवर पुढं घ्या, मग पुन्यांदा लावा."

"पुढं घेतलं म्हंजी चुकलं, असं लोकांस्नी कळंल की."

"कळतंयच मामंजी. भिंतीवर घातली तरीबी कळतंय. भिंत तेवढी जास्तीची जाती."

मानकोजीरावांनी ट्रॉली पुढे घेतली. सातवे दिवशी ते भिंतींच्या जागी मांडलेल्या दोन मोठ्या टोपल्यांमधून टाकी मागे घेऊन गेले, एकदा पुढे घ्यावे लागले खरे, आणि गोजराबाई म्हणाली, "जमलं. आता माणसांत जमाय पायजे."

पौर्णिमेस सकाळी महाराजांची स्वारी वरच्या आळीच्या तोंडाशी येऊन छत्राखाली बसली, आणि बायका रिकामे हंडे घेऊन ओट्यांवर उभ्या राहिल्या, जनाबाई गळ्यात हात बांधून पुढे. त्या राज्यात 'येऊदेदार' म्हणून बारा वतनदार असत. कोणतेही वाहन मागे येऊ लागले की पाठीमागे उभे राहून "येऊ दे" म्हणावे, हा त्यांचा पिढीजात हक्क. त्यांतील कोणी कधी वाहन चालविले नव्हते. बाराही जण आळीत रांगेने उभे राहिले, पुढे त्यांचे मुख्य अंतोजीराव. मानकोजीरावांनी देवाचे नाव घेतले, हात खाली धरिला आणि टाकी आळीत घातली. निम्मी वाट टाकी सुतासारखी गेली. मग येऊदेदारांनी एकदम गलका केला. सहा जण "डावीकडे" म्हणाले, सहा जण "उजवीकडे" म्हणाले, आणि बाराही जण आपापली डावी-उजवी सांगत होते, मानकोजीरावांची नव्हे. त्यांचा हात चुकोन वर गेला, ट्रॉली मुडपली, आणि टाकीचा कोपरा जनाबाईच्या भिंतीपासून बोटभर राहिला.

"येऊ द्या!" अंतोजीराव गर्जले. "बेधडक येऊ द्या! भिंत सरकारची आहे!"

"भित माझी हाय," जनाबाई म्हणाली.

मानकोजीरावांनी छत्राकडे पाहिले. थांबले तर तीस वर्षांचे नाव जाते, रेटले तर म्हातारीचे घर जाते. लाज वाटली, फार वाटली, कान तापले. मग त्यांनी ब्रेक दाबिला आणि सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलिले, "चुकलं. पुढं घेऊन पुन्हा लावतो."

हा शब्द त्या दरबारात पूर्वी कोणी ऐकिला नव्हता. चिटणिसांचा बोरू थबकला, दोन मानकरी एकमेकांकडे पाहू लागले, आणि महाराजांनी शेजारी विचारिले की हे कोणत्या भाषेत बोलिले. तोवर मानकोजीराव टाकी पुढे घेऊन सरळ करीत होते. दुसऱ्यांदा लावू गेले, पुन्हा वाकडी, पुन्हा म्हणाले "चुकलं", पुन्हा पुढे. दुसऱ्या खेपेस हा शब्द पहिल्याइतका जड गेला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी येऊदेदारांकडे पाहिलेच नाही, दोन्ही आरशांत दोन भिंती धरिल्या, बोटभर इकडे, बोटभर तिकडे, आणि येऊदेदार जीव घेऊन हौदावर चढले, आणि टाकी हौदास येऊन अलगद टेकली. तोटी उघडली. पाणी हौदात पडिले, तो आवाज ऐकोन बाया हंडे घेऊन ओट्यांवरून खाली उतरल्या. जनाबाईने धडका हात खाली सोडिला, चूळभर घेतले आणि प्यायली. मानकोजीरावांनी मान वळविली, कारण त्यांचे डोळे भरले होते आणि ते सरदार होते.

मग दरबार भरला. दफ्तरी लिहिले गेले ते ऐसे की श्रीमंतांचे दृष्टीस पडताच टाकी आपोआप सरळ जाहली. येऊदेदारांस शेले मिळाले. मानकोजीरावांनी भर स्वारीसमोर दोन वेळा चूक कबूल केली, हा गुन्हा शाबीत होऊन त्यांचा किताब काढून घेण्यात आला. चाकरी मात्र ठेविली, कारण दरबारात दुसऱ्या कोणास टाकी मागे घेता येत नव्हती. मानकोजीराव घरी आले आणि सुनेस म्हणाले, "किताब गेला."

"आणि पानी?" गोजराबाईने विचारिले.

"पानी गेलं वर." मग ते पोटभर जेवले.

सारांश, वरच्या आळीस रोज पाणी मिळू लागले. या यशाबद्दल दरबाराने खूश होऊन येऊदेदारांची संख्या बारावरून चोवीस केली. चोवीस जण आळीत उभे राहिले म्हणजे टाकीस जागा उरत नाही, सबब पाणी दुपारी येते, ते सर्व जेवावयास गेले म्हणजे.