आधी बसा, मग आवळू

कापसाचा व्यापारी पुंजका ओढून धागा बघतो, तसे धुळ्याचे नाना मेकॅनिक बुश चावून बघत. बुश म्हणजे चाकाचे लोखंडी हात गाडीच्या अंगाला जिथे जोडतात, तिथे मधे बसणारी रबराची नळी. नाना ती दाढेखाली धरत, डोळे मिटत आणि निकाल देत, "हाई ट्रकनं शे," किंवा "हाई म्हातारं शे." दुकानदार नवा माल लपवून ठेवी. दातांच्या खुणा पडलेला बुश घेणार कोण?

त्यांच्याकडे मी गेलो तो अविनाशमुळे. अविनाश माझा कॉलेजचा मित्र. त्याने वडिलांची जुनी फियाट रॅलीसाठी तयार केली होती, आणि शेजारी बसून वेळ-अंतराचं गणित करायला त्याला माणूस हवा होता. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी. जळगावच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होतो. गणिताला मी भीत नव्हतो. घाटाला भीत होतो. रॅली रविवारी होती आणि सोमवारपासून मी नकाशावर घाटाची वळणं मोजत होतो.

अविनाशला सगळीकडे नायलॉनचे कडक बुश हवे होते. स्टिअरिंग कसं सुरीसारखं चालतं म्हणे.

नाना म्हणाले, "भाऊ, गाडी कोनी शे ते सांगू नका. बसनार कोन शे ते सांगा."

अविनाशने माझ्याकडे बोट दाखवलं. नानांनी मला वरून खाली पाहिलं, जणू मीही चावून बघायची वस्तू. मग शेजारच्या जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर नेऊन उभं केलं, वही आणि डब्यासकट. बावन्न किलो.

"एवढ्याने काय फरक पडतो, नाना?" मी म्हणालो. "मी बी.एस्सी. आहे."

"मंग हाई बावन्न बी.एस्सी. धरीसन का सोडीसन?"

त्यांनी ठरवलं ते असं: पुढे नायलॉन, मागे पाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना, रबर. "पुढे कडक, गाडी ऐकाले पाहिजे. मांगे नरम, मानूस टिकाले पाहिजे." मी रबराच्या बाजूने मनातल्या मनात मत दिलं.

शुक्रवारी बुश बसले. नट शेवटचे आवळायचे ते शनिवारी, आम्ही दोघं गाडीत बसल्यावर, असं नानांनी बजावलं होतं. पण शनिवारी माझी एसटी पारोळ्याला पंक्चर झाली. मी दोन तास उशिरा नानांच्या शेडवर पोचलो तर अविनाश हात पुसत उभा. त्याने गाडी जॅकवर चढवून स्वतःच नट आवळून टाकले होते. नाना गाडीखाली डोकावले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बठ्ठं सोडा."

"नाना, आज निघायचंय," अविनाश म्हणाला.

"लटकेल गाडीना नट आवळात तुम्ही. खाले उतरताच रबर पिळाई गयं. घाटमा फाटी जाई. मंग ह्या भाऊना बावन्न किलो कोन येची?"

माझे बावन्न किलो दरीत वेचले जात आहेत हे चित्र मला पुढचे दोन दिवस सोडून गेलं नाही.

सगळं सैल केलं. गाडी जमिनीवर घेतली. आम्ही दोघं आत बसलो, नाना पाना घेऊन खाली सरकले. "हालू नका." मला शिंक आली ती मी गिळली.

रॅलीत आमच्यापुढे गेलेल्या दोन गाड्या घाटात चाक मोडून कडेला बसल्या होत्या. आमची प्रत्येक वळणावर कण्हत होती, आणि मी वहीत आकडे लिहीत लिहीत मागच्या पाट्यांकडे कान लावून होतो. नंबर आला नाही. पण चारही चाकांवर परत आलो.

मंगळवारी ही बातमी द्यायला शेडवर गेलो. नाना स्वतःच्या फियाटखाली होते. ही गाडी चालवताना त्यांना अलीकडे कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. डाव्या सीटवर ज्वारीचं पोतं ठेवलेलं, नीट बसवल्यासारखं.

"हे कोण, नाना?"

"मन्ही बायको." ते बाहेर आले. "लगीननंतर अमळनेरहून तिले याच गाडीमा आनं. चारी बाजूले नायलॉन. तवय माले बी सुरीच पाहिजे व्हती. ती उतरताना कंबर धरी फक्त. मंग कधी बसनीच नही, एसटीनंच जाये. सहा वरीस व्हयनात, माहेरलेच शे."

"येणार आहेत का?"

"तिले बोलावाले गाडी तयार पाहिजे ना."

मग त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि ओंजळीने ज्वारी काढून डब्यात टाकू लागले. एक, दोन, बऱ्याच ओंजळी. "अमळनेरना कंडक्टर सांगे, ती वाळी गयी म्हने."

पोतं पुन्हा बांधून ते जरा घुटमळले. "भाऊ, ड्रायव्हरना जागावर बसतस का? मी खाले गऊ तं मन्हं वजन कोठून आनू?"

मी बसलो. बावन्न कमी पडतील म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर पान्यांची पेटी ठेवली. शेजारी ज्वारी. खालून आवाज आला, "हालू नका."

मी हललो नाही.